पाणी कुणाच्या मागे जातं?

मुलांनो, घरात कोशिंबिरीसाठी काकडी चिरली जात असेल तेव्हा दोन-चार चकत्या मागून घ्या. अर्ध्या एका वाटीत, अर्ध्या दुसऱ्या वाटीत. एका वाटीतल्या चकत्यांना मीठ चोळा, दुसऱ्या तशाच राहू द्या. आता गृहपाठाची एक बाजू लिहून या. मीठ लावलेल्या वाटीच्या तळाशी पाणी जमलेलं असेल आणि चकत्या वाकवल्या तर मऊ लागतील. दुसऱ्या वाटीतल्या चकत्या मात्र बऱ्याचशा जशाच्या तशा.

मीठ तर कोरडं होतं. मग पाणी आलं कुठून? आजी सांगेल, "मिठानं पाणी सुटतं रे." लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवतात, तेव्हाही असंच पाणी सुटतं. बरं, याच्या उलटही घडतं. रात्री भांड्यात टाकलेल्या मनुका सकाळी टम्म फुगलेल्या दिसतात. तिथे पाणी आत शिरलं. एका ठिकाणी बाहेर, दुसऱ्या ठिकाणी आत! पाण्याला ही वाट कोण दाखवतं? आज आपण याच वाटेनं जाणार आहोत. वाट स्वयंपाकघरातून निघते आणि थेट आपल्या पोटात जाते. आई-बाबांनीही सोबत यावं, कारण शेवटचा भाग त्यांच्या कामाचा आहे.

आधी पाण्याची ओळख. पाण्याचा एक रेणू म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याला चिकटलेले हायड्रोजनचे दोन अणू. ते एका सरळ रेषेत नसतात. डोक्यावर दोन शिंगं असावीत तसे बाकदार बसलेले असतात. यातला ऑक्सिजन जरा आपमतलबी. दोघांच्या सामायिक इलेक्ट्रॉनांना तो स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजू किंचित धन होतात. म्हणजे पाण्याचा प्रत्येक रेणू एक इवलंसं चुंबकच म्हणा ना! (खरं चुंबक नव्हे हं. हा विद्युतभाराचा मामला आहे.)

आता त्यात मीठ टाका. मिठाच्या खड्यात सोडियमचे धन कण आणि क्लोराइडचे ऋण कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाण्याचे रेणू येतात, सोडियमकडे आपली ऋण बाजू करतात, क्लोराइडकडे धन बाजू करतात आणि एकेका कणाला गराडा घालून खड्यापासून वेगळं करतात. यालाच आपण "मीठ विरघळलं" म्हणतो. साखरेच्या रेणूवर असा भार नसतो, पण पाण्याला धरायला त्याच्या अंगावर पुष्कळ जागा असतात, म्हणून साखरही विरघळते. तेलाकडे मात्र धरायला काहीच नाही. पाणी त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही.

मागच्या खेपेला आपण साबणाची गोष्ट वाचली, ती आठवते का? साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याशी मैत्री करतं आणि दुसरं तेलाशी. आपल्या पेशीभोवतीचं आवरणही अशाच दोन स्वभावांच्या रेणूंचं बनलेलं असतं. त्याला पेशीपटल किंवा प्रद्रव्यपटल म्हणतात. हे रेणू दोन रांगांत उभे राहतात. पाणी आवडणारी डोकी बाहेरच्या बाजूंना आणि तेलकट शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. असा हा दुहेरी पडदा किती पातळ असेल? एका कागदाच्या जाडीत असे दहा हजारांहून जास्त पडदे मावतील!

या पडद्यातून कोण जाऊ शकतं? ऑक्सिजन वायू सहज जातो. पाणी थोडं थोडं झिरपतं, शिवाय बऱ्याच पेशींच्या पडद्यात फक्त पाण्यासाठी बारीक दारं असतात. ही दारं पीटर अ‍ॅग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञानं शोधून काढली आणि त्यासाठी २००३ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. पण मिठाचे कण? ते भारलेले, त्यात पाण्याच्या गराड्यात अडकलेले. तेलकट भागातून त्यांना वाट मिळत नाही. साखरही अशीच बाहेर अडते. थोडक्यात, पाण्याला ये-जा करायला मुभा आणि मिठाला मज्जाव.

आता काकडी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पाण्याचे रेणू पडद्यातून सतत आत-बाहेर करत असतात, अगदी सारखे. काकडीवर मीठ पडलं, ते बाहेरच्या ओलाव्यात विरघळलं. बाहेरचे पुष्कळसे पाण्याचे रेणू मिठाच्या कणांभोवती गुंतले. आत येणारं पाणी कमी झालं, बाहेर जाणारं मात्र चालूच राहिलं. परिणाम काय, तर वाटीच्या तळाशी पाणी! मनुकेत उलटं. आत साखर ठासून भरलेली, बाहेर साधं पाणी, म्हणून पाणी आत. पाण्याच्या या प्रवासाला परासरण म्हणतात. "मीठ पाणी ओढतं" असं आपण बोलतो. बोलायला ते सोपं आहे, पण मिठाला काही हात नसतात, एवढं लक्षात असू द्या. आणखी एक गोष्ट. परासरणात कण कशाचे आहेत यापेक्षा किती आहेत याला महत्त्व. मीठ विरघळताना त्याचे दोन-दोन कण होतात, म्हणून थोड्याशा मिठानंही बराच फरक पडतो.

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रयोग आम्ही बटाट्यावर केला. बोटाएवढे सारख्या लांबीचे तुकडे कापले, काही साध्या पाण्यात ठेवले, काही चांगल्या खारट पाण्यात. दुसऱ्या दिवशी पट्टीनं मोजले. साध्या पाण्यातले तुकडे ताठ, वाकवले तर कट्‌कन मोडणारे. खारट पाण्यातले लुळे आणि आखूड. मुलांनी ते मिशीसारखे ओठावर ठेवून पाहिले, ते सोडा. पण पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं वही मिटता मिटता विचारलं, "बाई, मग जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी का देतात? त्यानं तर पोटातलं पाणी अजून बाहेर यायला पाहिजे!"

पाहिलंत? तुमच्याच वयाच्या मुलीचा हा प्रश्न. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि आठवडाभर पुसू दिला नाही. कारण हा नुसता पोरकट प्रश्न नव्हे. याच प्रश्नाच्या उत्तरानं आजवर लाखो मुलांचे जीव वाचले आहेत.

चला तर, आतड्यात शिरू. दिवसभरात आपण दोनेक लिटर पाणी पितो-खातो. त्यात लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचक रस मिसळतात. सगळं मिळून आठ-नऊ लिटर द्रव रोज आपल्या आतड्यात येतो. आणि शौचावाटे बाहेर किती जातो? जेमतेम पेलाभर. बाकीचं सगळं पाणी आतड्याच्या पेशी पुन्हा रक्तात पोहोचवतात. विहिरीवर मोटर लावून पाणी उपसतात तशी मोटर पेशीकडे असेल, असं कुणालाही वाटेल. पण गंमत अशी, की पाणी उपसायचा पंप पेशीकडे नाहीच! पेशी मीठ हलवते. पाणी मिठाच्या मागोमाग जातं.

मीठ हलवायला मात्र पंप आहे. डेन्मार्कच्या येन्स स्को या शास्त्रज्ञानं १९५७ साली तो शोधला, तोही खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंमध्ये! (खेकडा आपल्याकडे कालवणातच जातो, तिकडे तो नोबेल पारितोषिकापर्यंत गेला. स्को यांना ते १९९७ साली मिळालं.) हा सोडियम-पोटॅशियम पंप एका फेरीत सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. त्यासाठी एटीपी नावाचं इंधन जाळतो. तुम्ही झोपलात तरी तो चालू. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमचा कायम तुटवडा असतो आणि बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं असतं.

आतड्याच्या पेशीला पुढचं दार आणि मागचं दार आहे, असं समजा. पुढचं दार जेवण जिथे येतं त्या पोकळीकडे. मागचं दार रक्ताकडे. वरचा पंप मागच्या दाराशी बसलेला असतो. आणि पुढच्या बाजूला एक फार मजेदार फिरतं दार आहे. त्यात सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोज साखरेचा एक रेणू असे तिघं जोडीनं आले, तरच ते फिरतं. एकट्या ग्लुकोजनं फिरत नाही, एकट्या सोडियमनंही नाही. सोडियमला आत यायची घाई असतेच. तो येताना ग्लुकोजचा हात धरून त्यालाही आत घेतो. मग मागचा पंप सोडियमला रक्ताच्या बाजूला लोटतो, ग्लुकोजही तिकडे जातं, आणि या दोघांच्या मागे पाणी. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं ही जोडगोळीची कल्पना १९६० साली प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडली. तेव्हा तिचा औषधासाठी केवढा उपयोग होणार आहे, हे तिथे बसलेल्या किती जणांना वाटलं असेल, कोण जाणे!

आता पटकीकडे वळू. पटकी म्हणजे कॉलरा. या रोगाचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली हे विष असल्याचं दाखवून दिलं. या विषामुळे पेशीची क्लोराइड बाहेर सोडणारी दारं उघडतात आणि उघडीच राहतात. क्लोराइड पोकळीत ओतलं जातं, त्याच्यामागे सोडियम, आणि मग अर्थातच पाणी! मिठाच्या मागे जायची पाण्याची सवय इथे जिवावर उठते. जोरात लागण झालेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. लहान मुलाच्या अंगात मुळात पाणी ते किती! नुसतं पाणी पाजलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. नुसतं मिठाचं पाणीही कामाला येत नाही. पण एक गोष्ट नशिबाची. ते फिरतं दार या गोंधळातही शाबूत राहतं. मीठ आणि ग्लुकोज बरोबर आले की ते फिरतंच. म्हणजे पुढच्या अंगणात पूर आलेला असतानाही एक वाट चालू असते.

कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ सालीच पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून बरं केल्याचं लिहिलं होतं. त्या वेळी फार कुणी लक्ष दिलं नाही. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी काटेकोर प्रयोग करून ते सिद्ध केलं. तरी बऱ्याच डॉक्टरांना वाटे, हे इस्पितळात ठीक आहे, शिरेतून सलाइन देणं ते खरं औषध.

मग आलं १९७१ साल. बांगलादेशाचं मुक्तियुद्ध चालू होतं. लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. खाटा अपुऱ्या, माणसं जमिनीवर पडलेली, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. वाट पाहायला वेळ नव्हता. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या भरायला लावल्या. ते पाणी ड्रममध्ये कालवलं आणि रुग्णांच्या आई, भाऊ, शेजारी यांच्या हाती पेले दिले. पाजत राहा, एवढंच सांगितलं. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांत हे प्रमाण शंभरात चारच्याही खाली आलं. पेले धरणारे हात डॉक्टरांचे नव्हते, घरच्यांचे होते. मला या सगळ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या साध्या पाण्याला कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

पण त्या मुलीचा प्रश्न अजून फळ्यावरच आहे! मीठ-साखरेनं पोटातलं पाणी उलट बाहेर का येत नाही?

उत्तर आहे मापात. आपल्या रक्तात विरघळलेल्या कणांची जी दाटी असते, तिला शास्त्रज्ञ एका आकड्यात मोजतात. तो आकडा साधारण २९० धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पुडीच्या पाण्याचा आकडा होता ३११, म्हणजे रक्ताहून जरासा जास्त. २००२ साली पुडीतलं मीठ आणि ग्लुकोज कमी केलं. आताचा आकडा आहे २४५, रक्तापेक्षा कमी. म्हणजे हे पाणी रक्ताहून पातळ आहे. परासरणानं पाणी पोकळीत यायचं कारणच उरलं नाही, आणि फिरत्या दाराला लागणारी जोडी तर हजर आहेच. आमचा बटाट्याचा पेला चांगला खारट होता, पुडीचं पाणी तसं नसतं. मुलगी बरोबर होती. मीठ-साखर जास्त झाली असती, तर तिचं भाकीत खरं ठरलं असतं!

आणि इथेच आई-बाबा, तुमचं काम सुरू होतं. लिटरभर पाण्याची पुडी पेलाभर पाण्यात टाकली, तर ते औषध राहत नाही, काकडीवरचं मीठ होतं. "जरा कडक करून दे, लवकर बरं वाटेल" हे चहाला ठीक आहे. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खी पुडी, अख्खं लिटर, उकळून गार केलेलं पाणी. अर्धी पुडी अंदाजानं नको, कारण पुडीतली मिश्रणं सगळीकडे सारखी नसतात. लहान पुडी असेल तर तिच्यावर दोनशे मिलिलिटर लिहिलेलं असतं, ते वाचा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून टाका.

थंड पेयांचं काय? बाटलीतल्या गोड पेयाच्या एका लिटरमध्ये साधारण शंभर ग्रॅम साखर असते. आताच्या पुडीत ग्लुकोज किती? साडेतेरा ग्रॅम. जुलाब होणाऱ्या मुलाला ते पेय दिलं तर साखर पोकळीत साचते आणि पाणी तिच्याकडे धावतं. जुलाब वाढतात. काही गोड पेयं तर खोक्यावर 'ओआरएस' अशी अक्षरं छापून औषधाच्या दुकानात विकली जात होती. ऑक्टोबर २०२५मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ती अक्षरं वापरायला मनाई केली. तरी दुकानात खोकं उलटं करून साखरेचा आकडा वाचायचं काम मुलांनो तुम्ही करा. मोठ्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत!

पुडी मिळालीच नाही तर? एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरचा ढीग बोटानं सारलेला. आपली साखर आतड्यात फुटून तिचं ग्लुकोज होतं, म्हणून ती चालते. चव घेऊन पाहा, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर टाकून द्या. भाताची पेज थोडं मीठ घालून देतात, तीही याच कारणानं गुणकारी. भातातला पिष्टमय भाग पचला की ग्लुकोजच होतो. आजीला फिरतं दार माहीत नसेल, पण पेज तिची बरोबर होती. तरी पोटॅशियम आणि बाकीची मापं पुडीत नेमकी असतात, म्हणून पहिला मान पुडीला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर धीर सुटतो. या पाण्यानं जुलाब लगेच थांबत नाहीत. ते जंतू गेल्यावर थांबतात. हे पाणी गेलेलं पाणी भरून काढतं. "दोन पेले दिले, काही उपयोग नाही" म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. सोडू नका. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका, मोठ्या मुलाचं जेवण तोडू नका. डॉक्टर सोबत जस्ताच्या गोळ्या देतात, त्या सांगितले तितके दिवस पुऱ्या करा. आणि मूल पेंगुळलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं किंवा पोटात काहीच टिकेना, तर पेला हातात घेऊनच दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा.

फळ्यावरचा प्रश्न मग त्या मुलीनंच पुसला. पुसण्याआधी तिनं खाली बारीक अक्षरात आणखी एक लिहिला होता, तो आता तुम्हाला देते. साखरेच्या पाकातला मोरावळा वर्षभर बरणीत राहतो, पण त्याला बुरशी का लागत नाही? बुरशीलाही पेशी असतात, पेशींना पडदा असतो. उत्तर वहीत लिहा, चित्रासकट, आणि पुढच्या अंकातल्या उत्तराशी ताडून पाहा.